आरोप टीव्हीवर, निकाल कटिंगच्या खुर्चीत

[कोल्हापूर, महाद्वार रोड. सलूनचं शटर वर जातंय.]

इथं शटर वर गेलं की आधी टीव्ही लागतो, मग लाईट. बाहेर अंबाबाईच्या देवळाकडं निघालेली गर्दी, आत चार खुर्च्या आणि भिंतीवर हिरोंचे फोटो, त्यातले काही इतके जुने की तसली कटिंग मारून आता कोण फिरत नाही. तो लांब केसांचा बघा, संजय दत्त. ऐन तरुणपणात ड्रग्जच्या पार आहारी गेलेला, अमेरिकेत उपचार घेऊन बाहेर आला, हे सगळं त्यानं स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. त्याच्याबद्दल विचारलं की सलूनचे मामा म्हणतात, पोरगं वाट चुकलं हुतं, आलं की परत. आणि हिरोईन रिया चक्रवर्ती? वस्तरा जाग्यावर थांबतो, गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालावर फेस तसाच.

"तिचं नाव काढू नका सकाळी सकाळी."

हा शॉट मिळाला आणि आमची फिल्म कशावर आहे ते आम्हालाच कळलं: ड्रग्जच्या केसमध्ये सिनेमावाल्याचं नाव आलं की गल्ली निकाल कसा लावते.

[मोबाईलवर जुन्या बातम्या. खुर्चीतली माणसं बघतायत.]

आठवतंय का ते 2020? कोरोना, थेटरं बंद, माणसं घरात, आणि दिवसभर एकच बातमी. 14 जूनला हिरो सुशांतसिंह राजपूत गेला, सप्टेंबरमध्ये एनसीबीनं, म्हणजे ड्रग्जच्या केसेस बघणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, त्याची मैत्रीण रियाला ड्रग्जच्या केसमध्ये अटक केली. एनसीबीच्या ऑफिसबाहेर माईक आणि कॅमेऱ्यांच्या गराड्यातून ती कशी आत गेली ते सगळ्या देशानं बघितलं, आपल्या गल्लीनं पण बघितलं, आणि बातमी संपायच्या आत गल्लीचा निकाल तयार. पुढच्या महिन्यात जामीन झाला त्या दिवशी कुणी काय म्हणालं हे विचारलं तर सलूनमध्ये कुणालाच आठवत नाही. तेव्हा टीव्हीवर दुसरं काहीतरी चालू असणार.

[सीपीआर दवाखान्यासमोरची कोर्टाची इमारत. काळे कोट, फायलींचे गठ्ठे.]

ही आपली सर्किट बेंचची इमारत. कोल्हापूरच्या वकिलांनी कितीतरी वर्षं आंदोलनं केली तेव्हा कुठं 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं काम इथं सुरू झालं. याच हायकोर्टानं, म्हणजे मुंबईला, 7 ऑक्टोबर 2020 ला रियाला जामीन दिला. सरकारी बाजूचं म्हणणं असं की सेलिब्रिटींचं बघून तरुण पोरं बिघडतात, तेव्हा त्यांच्याशी कडक वागा. कोर्टानं ते मानलं नाही. सेलिब्रिटी म्हणून कायद्यात वेगळी सवलत नाही, तशी वेगळी जबाबदारीही येत नाही, असा निकालाचा अर्थ. आम्ही हे सलूनमध्ये वाचून दाखवलं. सवलत नाही, इथपर्यंत सगळ्यांच्या माना हलल्या. पुढचं वाक्य कुणी ऐकून घेतलं नाही राव.

आता जरा कायद्याचं ऐका, हे टीव्हीवर कोण सांगत नाही म्हणून आम्ही वेळ घेणार. कायदा 1985 चा, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. यात सगळा खेळ वजनाचा. गांजा एक किलोपर्यंत असेल तर कमी प्रमाण, 20 किलोपासून पुढं धंद्याचं प्रमाण. चरस 100 ग्रॅम आणि एक किलो. एमडी पावडर, म्हणजे मेफेड्रोन, असेल तर नुसते 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम. मधला जो पट्टा उरतो त्याची शिक्षा वेगळी. आणि कलम 27 म्हणजे सेवन, त्याला जास्तीत जास्त एक वर्ष, काही पदार्थांना तर सहाच महिने. पण त्याच 27 ला पुढं 'अ' लागला की झालं, धंद्याला पैसा पुरवणं किंवा आरोपीला आसरा देणं, शिक्षा 10 ते 20 वर्षं आणि जामीन मिळता मिळत नाही. रियावर हाच 'अ' लावला होता. कोर्टानं म्हटलं, एखाद्याच्या सेवनासाठी पैसे खर्च केले म्हणजे धंद्याला भांडवल दिलं असं होत नाही.

[एका दुकानदाराचे हात. लाख, मेणबत्ती, तपकिरी पाकीट.]

हे काका पूर्वी एका केसमध्ये पंच होते, म्हणजे झडती-जप्तीचे साक्षीदार, चेहरा दाखवणार नाही. नुसते हात बघा. माल पाकिटात जातो, तोंडावर दोरा, मेणबत्तीवर लाख वितळवून टपकन एक थेंब, त्यावर सीलचा ठसा, मग चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पंचांच्या सह्या. अंगझडती असेल तर आधी माणसाला सांगावं लागतं की तुला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर नाहीतर मॅजिस्ट्रेटसमोर झडती देता येईल, तो तुझा हक्क आहे. बाईची झडती बाईच घेणार. काका म्हणतात, पंचाचं काम उभं राहून बघायचं आणि बघितलं तेवढ्यावरच सही करायची.

आणि आता हा सेल्फी बघा, ऑक्टोबर 2021 चा. एनसीबीच्या क्रूझवरच्या कारवाईनंतर शाहरुखच्या पोराबरोबर, आर्यन खानबरोबर काढलेला, काढणारा त्याच केसमधला पंच. काकांनी मोबाईल हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला, परत दिला आणि लाखेची कांडी पुसायला लागले. आम्ही कॅमेरा चालूच ठेवला.

आर्यनकडं काही सापडलं नव्हतं. त्याच्या मित्राकडं सहा ग्रॅम चरस सापडल्याचं एनसीबीचं म्हणणं, आणि 100 ग्रॅमचा आकडा तुम्ही आत्ताच ऐकलाय. व्हॉट्सअ‍ॅप चॅटमध्ये कट दिसत नाही असं हायकोर्टानं लिहिलं, आणि 27 मे 2022 ला एनसीबीनं 14 जणांवर चार्जशीट लावली, आर्यनसकट सहा जणांना पुराव्याअभावी वगळलं. सुशांतच्या केसमध्ये सीबीआयनं मार्च 2025 ला क्लोजर रिपोर्ट, म्हणजे केस बंद करायचा अहवाल दिला. या सगळ्यात कुणाकुणाची कामं गेली, घरच्यांचं काय झालं, ते वेगळंच.

[खरी कॉर्नर, कॅमेरा स्तंभ. मागून रिक्षा जातायत.]

बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवून या गावात सिनेमा काढला. सिनेमावाल्यांना जीव लावायचं आम्हाला कोण शिकवणार? तालमीच्या कट्ट्यावर हिरोच्या वाढदिवसाला डिजिटल बॅनर लागतं आणि आरोप झाला की तेच डिजिटल रात्रीत उतरतं. हिरोईनचं मुळात लागतच नाही, तरी शिव्या तिलाच जास्त.

[रंकाळा, संध्याकाळ. पोरांच्या पाठी, चेहरे नाहीत.]

ही पोरं कुठली ते सांगणार नाही. त्यांच्यातल्या एकाला सुटायचंय आणि घरी सांगायची भीती वाटते, कारण घरी टीव्हीसमोर बसून वडील काय बोलतात ते त्यानं ऐकलंय. त्याला कलम 64-अ कुणी सांगितलंच नव्हतं. व्यसनात अडकलेला माणूस कमी प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या केसमध्ये स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही, पण उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाऊ शकते. फोन 14446, पैसे पडत नाहीत.

सलूनमध्ये हे सांगितल्यावर मामांनी वस्तरा खाली ठेवला, टीव्हीचा आवाज बारीक केला आणि नंबर पुन्हा एकदा सांगायला लावला. कुणासाठी, ते आम्ही विचारलं नाही.