एका पिपाचे गुण : स्वतंत्रपणे बाटलीबंद केलेल्या स्कॉचची पारख

[दृश्य : एल्गिन गावातील साऊथ स्ट्रीट, जुन्या दुकानाची दर्शनी बाजू]

स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील एल्गिन या गावात १८९५ मध्ये गॉर्डन अँड मॅकफेल या नावाचे किराणा दुकान सुरू झाले. चहा, वाइन आणि खाद्यपदार्थांबरोबर तेथे व्हिस्कीही विकली जाई. पुढे आसपासच्या डिस्टिलऱ्यांतून ताजे मद्य विकत घ्यायचे, ते स्वतः निवडलेल्या ओकच्या पिपांत भरायचे, वर्षानुवर्षे मुरू द्यायचे आणि मग आपल्या लेबलाखाली बाजारात आणायचे, हीच या दुकानाची खरी ओळख झाली. दुसऱ्याच्या डिस्टिलरीत तयार झालेले मद्य अशा रीतीने निवडून, सांभाळून विकणाऱ्याला या व्यवसायात स्वतंत्र बॉटलर म्हणतात. या पेढ्यांतील सर्वांत जुनी समजली जाणारी कॅडनहेड ही पेढी १८४२ मध्ये ॲबर्डीनला स्थापन झाली आणि १९७२ मध्ये स्प्रिंगबँक डिस्टिलरीच्या मालकांकडे आल्यानंतर कॅम्पबेलटाउनला स्थिरावली. ग्लासगोची डग्लस लेंग १९४८ मधली, एडिनबरोची स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी १९८३ मधली, तर सिग्नेटरी १९८८ मधली.

हा व्यवसाय उभा राहण्याचे कारण स्कॉचच्या एकूण घडणीत आहे. स्कॉटलंडमधील बहुतेक माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाची व्हिस्की बनवणाऱ्या, डिस्टिलऱ्या स्वतःच्या नावाने बाटली विकण्यासाठी उभारलेल्याच नव्हत्या. त्यांचे मद्य अनेक माल्ट आणि ग्रेन (मुख्यतः इतर धान्यांच्या) व्हिस्क्या एकत्र करून तयार होणाऱ्या ब्लेंडसाठी जात असे, आणि आजही मोठ्या प्रमाणात जाते. ब्लेंड करणाऱ्या कंपन्या एकमेकींशी पिपांची अदलाबदल करतात, गरजेपेक्षा जास्त झालेली पिपे दलालांकडे जातात, आणि तेथून ती बॉटलरच्या गोदामात पोहोचतात. आयला बेटावरील कल ईला हे याचे ठळक उदाहरण आहे. १९७४ मध्ये सहा नव्या भट्ट्यांसह पुन्हा उभारलेल्या या मोठ्या डिस्टिलरीचे धुरकट मद्य प्रामुख्याने जॉनी वॉकरसारख्या ब्लेंडसाठी लागते. पण पिपे मुबलक असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक स्वतंत्र बॉटलरच्या यादीत तिचे नाव सापडते. लिंकवुड किंवा बेनरिनेस यांसारख्या डिस्टिलऱ्यांची ओळख तर व्हिस्कीच्या जाणकारांना मुख्यतः या बॉटलरांमुळेच झाली.

१९८३ हे वर्ष येथे विसरता येत नाही. मागणी घटली होती, गोदामे भरलेली होती, आणि डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड या त्या काळच्या मोठ्या व्हिस्की कंपनीने पोर्ट एलन, ब्रोरा, बॅन्फ, ग्लेन मोर अशा अनेक डिस्टिलऱ्या बंद केल्या. पोर्ट एलन आणि ब्रोरा येथे अलीकडे पुन्हा भट्ट्या पेटल्या. ग्लेन मोरची मात्र इमारतही उरली नाही. तिच्या मद्याची चव कशी होती हे आज आपण जाणतो, ते प्रामुख्याने स्वतंत्र बॉटलरांनी जपलेल्या पिपांमुळे. माझ्या मते या व्यवसायाचे हे सर्वांत मोठे ऋण आहे, आणि एखादी बाटली महाग की स्वस्त याची चर्चा करताना ते लक्षात ठेवले पाहिजे.

[दृश्य : बाटलीचे लेबल, अगदी जवळून]

आता लेबल वाचू या. डिस्टिलरीचे नाव, मद्य पिपात भरल्याचे वर्ष, बाटलीबंद केल्याचे वर्ष, पिपाचा प्रकार, पिपाचा क्रमांक, एकूण बाटल्यांची संख्या आणि मद्यार्काचे प्रमाण, इतकी माहिती चांगला बॉटलर देतो. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमावलीनुसार मद्य स्कॉटलंडमध्येच, जास्तीत जास्त ७०० लिटरच्या ओकच्या पिपांत किमान तीन वर्षे मुरलेले असावे लागते आणि बाटलीत त्याची तीव्रता किमान ४० टक्के असावी लागते. हॉग्जहेड नावाचे पीप सुमारे २५० लिटरचे असते. वर्षाला साधारण दोन टक्के मद्य लाकडातून हवेत उडून जाते, ज्याला तेथील लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. त्या हिशेबाने बारा वर्षांनी, पाणी न मिसळता, एका हॉग्जहेडमधून पावणेतीनशेच्या आसपास बाटल्या निघतात. त्या संपल्या की ती व्हिस्की संपली. शेजारचे पीप त्याच दिवशी, त्याच भट्टीतील मद्याने भरलेले असले, तरी त्याची चव वेगळी निघू शकते.

रंग आणि गाळणी हे आणखी दोन मुद्दे आहेत. मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या अनेक व्हिस्क्यांत रंग एकसारखा दिसावा म्हणून कॅरॅमल मिसळतात, आणि थंडीत किंवा बर्फ घातल्यावर द्रव गढूळ दिसू नये म्हणून तो गार करून गाळतात. या गाळण्यात काही मेदाम्लांची एस्टर निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर जिभेवरचा भरीवपणा काही प्रमाणात कमी होतो असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे. बहुसंख्य स्वतंत्र बॉटलर या दोन्ही गोष्टी टाळतात. म्हणून त्यांच्या बाटलीतील फिकट, गवती रंग पाहून तिला हलके समजू नये. वापरून झालेल्या पिपात वीस वर्षे मुरलेले मद्यही तसेच दिसू शकते.

[दृश्य : टेबलावर ट्यूलिपच्या आकाराचे तीन ग्लास, पाण्याचा कुंजा, ड्रॉपर, कोरा कागद]

चव घेण्याचा क्रम ठरलेला असावा : सौम्य आधी, तीव्र नंतर, आणि पीटच्या (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींपासून मिळणाऱ्या इंधनाच्या) धुराची व्हिस्की सर्वांत शेवटी. प्रत्येक ग्लासात साधारण १५ मिलिलिटर पुरेसे होते, आणि एका बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त नमुने घेतल्यास जीभ बोथट होते.

पहिल्या ग्लासात तेरा वर्षांची लिंकवुड आहे, पूर्वी वापरलेल्या हॉग्जहेडमधली, ४६ टक्क्यांची. ओतल्यावर दहा मिनिटे तिला तशीच ठेवली आहे. नाकाशी नेताच हिरवे सफरचंद, नासपती आणि ताज्या कापलेल्या गवताचा वास येतो. त्यामागे व्हॅनिला आहे, पण तो पुढे पुढे करत नाही. घोट तोंडात फिरवल्यावर जवाचा गोडवा आणि शेवटी किंचित पांढऱ्या मिरीचा तिखटपणा जाणवतो. चव फार वेळ टिकत नाही. १०० पैकी ८५ गुण.

दुसरा ग्लास बेनरिनेसचा. शेरी ही स्पॅनिश वाइन मुरलेल्या मोठ्या पिपातील हे मद्य ५६ टक्क्यांचे असून रंगाने गडद तांबूस आहे. पहिला वास खजूर, मनुका आणि जायफळाचा येतो आणि मन लगेच प्रसन्न होते. येथेच परीक्षकाने थांबायला हवे. पाण्याचे सात-आठ थेंब घातल्यावर खाली दडलेला विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा गंधकाचा वास वर येतो, आणि घोट घेतल्यावर लाकडाचा तुरटपणा जिभेच्या दोन्ही कडांना धरून बसतो. बेनरिनेसचे मूळ मद्य मांसल आणि जड असते. ते येथे ओळखूच येत नाही, शेरीने ते पूर्ण झाकले आहे. अशक्त किंवा कंटाळवाणे मद्य अखेरच्या काही महिन्यांत जोरकस शेरी पिपात घालून खपवण्याची रीत हल्ली वाढली आहे, आणि तिला भरघोस गुण देणे मला मान्य नाही. ८१ गुण.

तिसरा ग्लास कल ईलाचा, वापरलेल्या हॉग्जहेडमधला, ५७ टक्क्यांचा. पाणी न घालता घेतल्यास नाकात मद्यार्क चावतो आणि लिंबाच्या सालीपलीकडे फारसे काही सापडत नाही. थेंबाथेंबाने पाणी वाढवले की धूर उलगडत जातो. याचे एक शास्त्रीय स्पष्टीकरण स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये मांडले. धुरकट गंध देणाऱ्या ग्वायकॉलचे रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात द्रवाच्या पृष्ठभागाकडे राहतात, तर ५९ टक्क्यांच्या पुढे ते इथेनॉलने वेढले जाऊन आत राहतात, असे त्यांच्या संगणकीय अभ्यासात दिसले. आपल्या ग्लासात आता टिंक्चर आयोडीन, खारा वारा, भाजलेली लिंबे आणि ओल्या राखेचा वास आहे. घोटाला तेलकट वजन आहे, मध्ये अनपेक्षित गोडवा येतो, आणि धूर गिळल्यानंतरही कितीतरी वेळ घशात रेंगाळतो. ८९ गुण.

व्हिस्कीला १०० पैकी गुण देण्याची पद्धत ब्रिटिश पत्रकार मायकेल जॅक्सन यांच्या १९८९ मधील लेखनानंतर रूढ झाली. काही परीक्षक वास, चव, शेवट आणि समतोल यांना प्रत्येकी २५ गुण देतात. काही जण एकच एकूण आकडा देतात. कागदावर पट्टी शंभराची असली, तरी बहुतेक आकडे ७५ ते ९० यांच्या दरम्यानच फिरतात. त्यामुळे ८४ आणि ८५ यांतील फरकावर वाद घालणे निरर्थक आहे, पण ८१ आणि ८९ यांतील फरक परीक्षकाने शब्दांत दाखवून द्यायलाच हवा. एका पिपाच्या पावणेतीनशे बाटल्यांचे परीक्षण प्रसिद्ध होईपर्यंत त्या अनेकदा विकल्या गेलेल्या असतात. मग आकड्याचा उपयोग काय? कल ईलाला ८९ गुण मिळाले म्हणून दुसऱ्या बॉटलरची कल ईला डोळे झाकून घेणारा फसण्याची शक्यता मोठी आहे, कारण गुण त्या पिपाला मिळाले होते. वापरलेल्या हॉग्जहेडमध्ये हे मद्य असे वागते, ही नोंद मात्र पुढच्या पिपाची निवड करताना कामाला येते. म्हणून पिपाचा प्रकार, तीव्रता, घातलेले पाणी, चाखण्याचा क्रम आणि बाटली उघडून किती काळ झाला, हे न लिहिता दिलेले गुण मी ग्राह्य धरत नाही. किंमत गुणांत मिसळू नये. ती वेगळी लिहावी.

वयाचा आकडाही असाच जपून वाचावा लागतो. स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटीने गोव्याच्या पॉल जॉन डिस्टिलरीचीही पिपे बाटलीबंद केली आहेत. गोव्याच्या उष्णतेत मद्य लाकडाशी वेगाने भिडते आणि हवेतही स्कॉटलंडच्या कितीतरी पट अधिक उडते. तेथील सहा वर्षांच्या मद्याला स्कॉटलंडमधील सहा वर्षांच्या मापाने तोलणे अन्यायाचे ठरते.

[दृश्य : गोदामातील पिपांच्या रांगा, खडूने लिहिलेले आकडे]

लेबलावरची डिस्टिलरीची नावे आता कमी होत चालली आहेत. आपले नाव इतरांच्या लेबलावर नको असलेले मालक विक्रीपूर्वी पिपात शेजारच्या डिस्टिलरीचे चमचाभर मद्य घालतात. तेवढ्याने कायद्याच्या दृष्टीने ते सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की, राहत नाही. बाल्वेनीत ग्लेनफिडिकचा असा चमचा पडला की ते बर्नसाइड या नावाने विकले जाते. काही बाटल्यांवर केवळ ऑर्कनी किंवा स्पेसाइड असे प्रदेशाचे नाव एवढेच लिहिलेले असते. माझ्या दृष्टीने परीक्षकासाठी ही स्थिती वाईट नाही, कारण नावाच्या वलयाने गुण वाढण्याचा धोका त्यात टळतो.

जुन्या व्यवस्थेतील खरा बदल २०२३ मध्ये जाहीर झाला. एल्गिनच्या त्याच गॉर्डन अँड मॅकफेलने २०२४ पासून इतर डिस्टिलऱ्यांच्या ताज्या मद्याने पिपे भरणे थांबवण्याचे आणि बेनरोमॅक व केर्न या स्वतःच्या डिस्टिलऱ्यांवर लक्ष देण्याचे ठरवले. याच पेढीने १९४० मध्ये भरलेल्या ग्लेनलिव्हेटच्या पिपातून ८० वर्षांची व्हिस्की बाजारात आणली होती. तिच्या गोदामांत आधी भरून ठेवलेली पिपे अजून मुरत आहेत आणि त्यांतून पुढील कित्येक दशके बाटल्या येत राहतील. फक्त त्या रांगांत दुसऱ्यांच्या डिस्टिलऱ्यांतील ताज्या मद्याची नवी पिपे यापुढे लागणार नाहीत.