विशेषणाची जागा

(दृश्य: टेबल, कागदाच्या पट्ट्या, त्या सरकवणारे हात)

चार पट्ट्या. वुडन, ओल्ड, स्मॉल, बॉक्स. अशा लावल्या तर अर्थ कळतो, पण इंग्रजीत वाढलेल्या माणसाच्या कानाला खटकतं. आता हात काय करतायत ते बघा. आधी आकारमान, मग वय, आणि नामाला अगदी खेटून ती वस्तू कशाची केलीय ते. स्मॉल ओल्ड वुडन बॉक्स. जमलं.

पाचवी पट्टी आली, लव्हली. हे बोलणाऱ्याचं मत, म्हणून सगळ्यांच्या पुढे. ब्राउन हा रंग; तो ओल्डनंतर, वुडनच्या आधी. एका नामापुढे एवढी विशेषणं सहसा कुणी लावत नाही, पण दोन-तीन आली तरी क्रम साधारण हाच राहतो. वस्तूच्या घडणीला नामाजवळची जागा, आपल्या मताला लांबची.

(दृश्य: जुनं हस्तलिखित, अक्षरांवरून फिरणारा कॅमेरा)

हे हजारेक वर्षांपूर्वीचं इंग्रजी. तेव्हा विशेषण नामाचं लिंग, वचन, विभक्ती बघून रूप बदलायचं. आपलं चांगला, चांगली, चांगले होतं, तसंच. पुढे शब्दांचे शेवट बोलण्यात झिजत गेले. 14व्या शतकात शेवटचा पुसट स्वर कुठेकुठे तग धरून होता, 1500च्या सुमारास तोही गेला. म्हणून आज टॉल बॉय, टॉल गर्ल, टॉल ट्रीज. टॉल जसंच्या तसं. प्रत्यय गेले, आता विशेषण कुणाचं हे बहुतेक वेळा जागेवरूनच ओळखायचं.

1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांची फ्रेंच इंग्लंडच्या दरबारात आणि पुढे न्यायालयांत रुळली. तिच्यात बरीच विशेषणं नामामागे येतात. अटर्नी जनरल ही त्याचीच खूण. यातलं नाम अटर्नी, म्हणून रूढ अनेकवचन अटर्नीज जनरल.

(दृश्य: फळा, खडूनं लिहिलेली वाक्यं)

द बेबी इज अस्लीप. बरोबर. अस्लीप बेबी मात्र चालत नाही, तिथे स्लीपिंग बेबी. अफ्रेड, अलाइव्ह यांचाही असाच हट्ट, क्रियापदानंतरच बसायचं. मेनचं उलट: द मेन रीझन म्हणता येतं, द रीझन इज मेन म्हणता येत नाही.

'नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द' ही व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. ती बरोबरच आहे. पण पट्टी कुठे ठेवायची, हे तिच्यातून कळत नाही. ते पट्ट्या हातात घेऊन, हलवून बघितल्यावरच कळतं, आणि तासातला जास्त वेळ त्यालाच द्यायला हवा.

तुलनेची रूपं ओळीनं फळ्यावर आहेतच: टॉल, टॉलर, टॉलेस्ट, ब्यूटिफुलला मोर आणि मोस्ट, गुडचं बेटर, बेस्ट.

आणि ही शेवटची जोडी. कंटाळा आलाय हे सांगायला आय अॅम बोअर्ड. आय अॅम बोअरिंग म्हटलं, तर समोरच्याला कळतं की हा माणूसच कंटाळवाणा आहे.