होडी बांधू खंय?

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'हवामानबदल आणि प्रवाळांच्या जैवविविधतेचं संवर्धन' असा छापलाय. त्यावर येतोच, पण आधी मालवणला जाऊ. तारकर्ली-मालवण केलेले किती जण आहेत? हात वर करा बघू. जवळजवळ सगळेच! आता यातले स्नॉर्केलिंग केलेले? आणि दम लागला म्हणून पाण्यातल्या 'खडका'वर उभे राहिलेले?... बघा, हात कसे पटापट खाली गेले.

तुमच्यावर रागवत नाही मी. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्यात जे तपकिरी, हिरवट, खडबडीत गोळे दिसतात ते जिवंत प्रवाळ आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल. पोस्टरवरचं प्रवाळ गुलाबी-जांभळं असतं, आणि आपलं असं गढूळ पाण्यात राहणारं, साधं दिसणारं. कासिम आणि वाफर या समुद्रशास्त्रज्ञांनी 1979 साली रत्नागिरी, मालवण, रेडी इथल्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली. 1987 साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. तरीही महाराष्ट्रात प्रवाळ आहे म्हटलं की पुण्यात लोक अजून माझ्याकडे संशयानं बघतात.

या प्रवाळाला रोज काय सोसावं लागतं? नांगर. पर्यटकांची होडी आली की नांगर टाकायचा, निघताना ओढून काढायचा. प्रवाळाचे गोळे वर्षाला फार तर सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे परातीएवढा गोळा व्हायला वीसेक वर्षं, आणि तो फुटायला एक हिसका पुरतो. मी एकदा एका होडीवाल्याशी यावरून वाद घातला. कायदा सांगितला, की हे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, नांगर टाकू नको असा तुमी म्हणतास, मगे होडी बांधू खंय?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आणि ज्यांच्यापाशी असायला हवं होतं ते कचेरीत होते. तळाशी एकदा पक्का बांधलेला बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, असला की होड्या त्याला बांधता येतात, नांगर टाकावाच लागत नाही. जगभर वापरतात ही पद्धत. त्यासाठी मी ज्या कार्यालयात गेलो तिथं मला सांगितलं की हे दुसऱ्या खात्याचं काम. दुसऱ्या खात्यानं पहिल्याकडे पाठवलं. मधल्या काळात पाण्याखाली काय फुटत होतं ते मोजायला दोघांपैकी कुणीच उतरलं नाही. मुळात अभयारण्य करतानाच गाबित मच्छीमारांना विश्वासात घेतलं नव्हतं, त्यामुळे 'अभयारण्य' म्हटलं की गावात आजही कपाळावर आठी पडते. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, पोट असलेल्या माणसाला समुद्रातली रेघ दाखवून 'इथं येऊ नको' म्हणायचं, आणि तिथेच पर्यटकांच्या होड्या नांगर टाकतात, हे त्याला कसं पटावं? मला तरी पटत नाही.

आणि तो पाव! माशांचा घोळका जमावा, फोटो चांगला यावा म्हणून पाण्यात पाव कुस्करून टाकतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे धीट मासे तुटून पडतात, बाकीचे बाजूला होतात. कृपा करून फोटो पावाशिवाय काढा.

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं उरली म्हणतात, तेव्हा आता मुद्द्यावर.

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याचं बहुतेक अन्न तेच बनवतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लगेच मरत नाही, पण उपाशी असतं. 2014 साली मालवणातही हे नोंदवलं गेलं. 2023 पासूनच्या जागतिक लाटेत पृथ्वीवरच्या सुमारे 84 टक्के प्रवाळक्षेत्राला अशी उष्णता सोसावी लागली. तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी 70 ते 90 टक्के प्रवाळ जाईल असा आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ-मंडळाचा, अंदाज आहे. म्हणून कर्बउत्सर्जन कमी करण्याला पर्याय नाही. बोये बांधून समुद्र थंड होत नाही.

मग बोयांसाठी माझा एवढा आटापिटा का? लक्षद्वीपकडे बघा. 1998, 2010, 2016, 2024, प्रत्येक वेळी तिथलं प्रवाळ पांढरं पडलं. 1998 नंतर सावरायला बारा वर्षं मिळाली, पुढच्या खेपेला सहाच. तरीही बऱ्याच ठिकाणी ते पुन्हा उभं राहत होतं, कारण तिथले मच्छीमार गळानं ट्यूना पकडत होते आणि प्रवाळभित्तीवरच्या पोपटमाशांना फारसा हात लागत नव्हता. मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ माजतं. पोपटमासा ते खरवडून खातो, तेव्हा कुठे प्रवाळाच्या नव्या पिल्लांना चिकटायला जागा मिळते. आता तिथेही भित्तीवरच्या माशांची व्यापारी मागणी वाढते आहे, ही माझी खरी काळजी आहे. उष्णतेची लाट येणारच आहे. ती ओसरल्यावर चरणारे मासे, न फुटलेले गोळे आणि गाळ-सांडपाण्यापासून वाचलेलं पाणी शिल्लक असलं, तर प्रवाळ सावरण्याची शक्यता वाढते. जैवविविधता टिकवणं म्हणजे ही डागडुजी करणाऱ्यांना टिकवणं. आणि मालवणचं प्रवाळ पावसाळ्यातला गाळ, गोडं पाणी, ओहोटीचं ऊन सोसत आलंय. अशा काटक जाती पुढच्या काळात फार मोलाच्या ठरू शकतात, म्हणून त्यांचा अभ्यास आत्ताच हवा.

आंग्रिया बँक राहिली. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर, कान्होजींच्या नावाचं, वीसेक मीटर खोल पाण्याखालचं प्रवाळी पठार. राज्याची हद्द 12 सागरी मैलांवर संपते, त्यामुळे तिथलं संरक्षण केंद्रानंच करायला हवं. त्याचे नकाशे मी आणलेत, पण वेळ संपली. ज्यांना बघायचेत त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा, आणि बोयांसाठीच्या निवेदनावर सही करूनच जा.