अनुदान कशाला बांधावे: हवामान बदलाच्या काळातील शेती धोरण

मित्रहो,

शेती आणि हवामान बदल यांविषयी बोलणे सुरू झाले, की चर्चा बहुधा शेतकऱ्याच्या सवयींपाशी येऊन अडते. तो खत फार टाकतो, पाणी फार देतो, काड जाळतो, असे म्हटले जाते. आज मला त्या सवयींच्या मागे असलेल्या हिशेबाविषयी बोलायचे आहे, कारण शेतकरी शेतात जे करतो त्यातले बरेचसे त्याने तसेच करावे म्हणून सरकारांनी वर्षानुवर्षे पैसा मोजलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी २०२१ साली मिळून एक अहवाल काढला. जगभरातील शेती उत्पादकांना दरवर्षी सुमारे ५४,००० कोटी डॉलरचे पाठबळ मिळते आणि त्यातील ८७ टक्के पाठबळ एक तर किमती वाकडे वळण घेतील असे असते किंवा निसर्गाला आणि समाजाला अपाय करणारे असते, असा त्याचा निष्कर्ष होता. हा सगळा पैसा सरकारी तिजोरीतून जातो असेही नाही. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा आयात शुल्कासारख्या उपायांमुळे वाढलेल्या किमतींच्या रूपाने ग्राहकच भरतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा पैसा कमी करावा की वाढवावा या वादाआधी तो कशाला बांधलेला आहे हे पाहिले पाहिजे. आणि ती गाठ सोडून दुसरीकडे बांधताना मधल्या वर्षांतील जोखीम शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी मारता कामा नये.

ही धोरणे मूर्खपणातून जन्मली नाहीत, हे आधी सांगायला हवे. युरोपची सामाईक शेती धोरणाची व्यवस्था १९६२ साली उभी राहिली, तेव्हा महायुद्धातील उपासमार लोकांच्या आठवणीत ताजी होती. जितके पिकवाल तितक्याला भाव देऊ, हे आश्वासन त्या परिस्थितीत योग्यच होते. अडचण अशी, की आश्वासन जर क्विंटलला बांधले, तर क्विंटल वाढवण्यासाठी जे जे करावे लागते ते सगळे आपोआप परवडू लागते. ओढ्याकाठची पाणथळ पट्टी निचरा करून नांगराखाली घेणे परवडते, फेरपालट सोडून तेच पीक पुन्हा घेणे परवडते, आणि खताच्या शेवटच्या पोत्याचा पिकाला फारसा उपयोग नसला तरी तेही टाकणे परवडते.

या शेवटच्या पोत्याकडे थोडे जवळून पाहू. पिकाला दिलेल्या नत्रापैकी जगाच्या सरासरीने निम्म्याहून कमी नत्र पीक उचलते. उरलेले काही हवेत उडते, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपते. पाऊस पडून वाफसा मोडला, मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या आणि हवा कोंडली, की जमिनीतील जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरू लागतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. टाकलेल्या नत्रापैकी साधारण एक टक्काच या वाटेने जातो असे धरले जाते. पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो. म्हणून खतावरचे अनुदान हा केवळ शेती खात्याचा विषय राहत नाही. खत स्वस्त ठेवून शेतकऱ्याला मदत करणे आणि शेतकऱ्याला मदत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या पद्धतीत मदत मिळवायची असेल तर खत विकत घ्यावेच लागते, आणि जो कमी टाकतो त्याला मदतही कमी मिळते.

गाठ सोडता येते का? येते, आणि त्याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण इंडोनेशियाचे आहे. भातात स्वयंपूर्ण होऊन दोनच वर्षे झाली होती, आणि १९८६ च्या सुमारास जावा बेटावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार उडवला. कीटकनाशकांवर सरकार किमतीच्या सुमारे ८० टक्के अनुदान देत होते, त्यामुळे फवारणी जवळजवळ फुकट होती आणि ती जोरात चालली होती. तरीही किडीचा जोर वाढतच होता. कारण शेतात उभे राहून पाहणाऱ्याला दिसेल असे होते. तुडतुड्याची मादी भाताच्या पानाच्या आवरणाच्या आत अंडी घालते, तिथे फवारा पोचत नाही. उघड्यावर फिरणारे कोळी आणि इतर मित्रकीटक मात्र पहिल्याच फवाऱ्यात मरतात. काही दिवसांनी अंडी फुटतात, आणि पिल्ले अशा शेतात जन्मतात जिथे त्यांना खाणारे कोणी उरलेले नसते. फवारणीनेच कीड वाढत होती आणि फवारणीला सरकारच पैसे देत होते.

नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली गेली. अनुदान मात्र एका रात्रीत तोडले नाही, ते टप्प्याटप्प्याने उतरवत १९८९ च्या सुरुवातीला पूर्ण थांबवले. आणि त्याच वर्षापासून शेतशाळा सुरू झाल्या. गावातील शेतकऱ्यांचा गट हंगामभर दर आठवड्याला शेतात जमतो, चुडे उलगडून किडी आणि कोळी मोजतो, पाहिलेले कागदावर काढतो आणि या आठवड्यात फवारायचे की नाही ते स्वतः ठरवतो, अशी ती पद्धत. पुढील दशकात लाखो शेतकरी या शाळांतून गेले. फवारण्या घटल्या आणि भाताचे उत्पादन घटले नाही. अनुदानाचा वाचलेला पैसा वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक होता. या कथेला पुढचा भागही आहे. शेतशाळांकडे दुर्लक्ष झाले, बाजारात स्वस्त औषधे पुन्हा भरली, आणि २०१० च्या सुमारास जावावर तुडतुडे पुन्हा उसळले. अनुदानाच्या जागी आलेले ज्ञान टिकवण्यासाठीही दरवर्षी पैसा आणि माणसे लागतात, हे धोरणकर्ते फार लवकर विसरतात.

याच्या शेजारी श्रीलंकेचे २०२१ साल ठेवून पाहा. परकीय चलनाची चणचण होती, सेंद्रिय शेतीचा उद्देशही जाहीर झाला, आणि रासायनिक खतांची आयात त्या वर्षीच्या वसंतात एकदम बंद केली. सेंद्रिय खत पुरेसे नव्हते, शिकवणारी यंत्रणा तयार नव्हती, नुकसान झाले तर ते कोण भरणार हे ठरलेले नव्हते. भाताचे उत्पादन मोठ्या प्रमाणात कोसळले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. या अनुभवाचा दाखला देऊन आज अनेक जण खताच्या धोरणाला हातच लावू नका असे सांगतात. मला तो निष्कर्ष मान्य नाही. चीनमध्ये २००५ ते २०१५ या दहा वर्षांत सुमारे २ कोटी लहान शेतकऱ्यांबरोबर संशोधकांनी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी काम केले. माती पाहून, वेळ पाहून खताच्या मात्रा ठरवल्या. धान्याचे उत्पादन सुमारे ११ टक्क्यांनी वाढले आणि नत्राचा वापर पिकानुसार १५ ते १८ टक्क्यांनी घटला. कमी खतात चांगले पीक येते, पण त्यासाठी बांधावर येणारा जाणकार माणूस लागतो, आणि त्या माणसाचा पगार कोणत्याही अनुदानापेक्षा स्वस्त पडतो.

अनुदान नुसते काढून टाकले तर निसर्ग आपोआप सावरेल का, या प्रश्नाचे उत्तर न्यूझीलंडने दिले आहे. तिथे १९८४ नंतर शेतीचे जवळजवळ सगळे पाठबळ काढून घेतले. मेंढ्यांची संख्या १९८२ मध्ये सुमारे ७ कोटी होती, ती आज अडीच कोटींच्या खाली आहे, आणि केवळ अनुदानाच्या जोरावर चरायला काढलेल्या उतारांवर पुन्हा झाडे आली. इथपर्यंत चित्र चांगले आहे. पण दुधाचे भाव वाढू लागताच सपाट जमिनींवर सिंचन आणि खतावर चालणारा दुग्धव्यवसाय पसरला, आणि कँटरबरीसारख्या भागात भूजलातील नायट्रेट ही गंभीर चिंता झाली. चुकीचे अनुदान गेले, तरी नदीची किंमत शेतमालाच्या भावात कुठेच धरलेली नव्हती. बाजार मोकळा करणे ही सुधारणेची सुरुवात असू शकते, पण जे बाजारात विकले जात नाही त्याचे रक्षण कायद्याने आणि सार्वजनिक पैशानेच करावे लागते.

युरोपने तिसरी वाट घेतली. १९९२ पासून भावाचे पाठबळ उतरवून शेतकऱ्याला थेट रक्कम दिली जाऊ लागली आणि २००३ नंतर ती उत्पादनापासून बरीचशी सोडवली. मी हे मोठे आणि अवघड काम मानतो. परंतु रक्कम हेक्टरला बांधली गेली, त्यामुळे ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला पैसा जास्त; सुमारे ८० टक्के थेट रक्कम २० टक्के लाभार्थ्यांकडे जाते. जिथे जमीन खंडाने कसली जाते तिथे रकमेचा वाटा खंड वाढून मालकाकडे पोचतो. २०१३ च्या सुधारणेत थेट रकमेचा ३० टक्के भाग पर्यावरणाच्या अटींशी जोडला गेला. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये तपासले, तेव्हा त्या अटींमुळे शेतीची पद्धत जेमतेम ५ टक्के जमिनीवर बदलल्याचे दिसले. बहुतेक जण जे करतच होते त्यालाच अटीचे नाव मिळाले होते. त्याच लेखापरीक्षकांच्या २०२१ च्या अहवालाने तर आणखी पुढचे दाखवले: सात वर्षांत १०,००० कोटी युरोंहून अधिक रक्कम हवामानासाठी म्हणून दाखवली गेली आणि शेतीचे उत्सर्जन २०१० पासून घटलेच नाही. निचरा करून कोरड्या केलेल्या पीट जमिनी, म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली साठलेल्या वनस्पतींच्या थरांच्या जमिनी, युरोपच्या शेतजमिनीत सुमारे २ टक्के आहेत आणि शेतीच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा सुमारे २० टक्के आहे. त्या कसण्यासाठी शेतकऱ्याला हेक्टरी रक्कम मिळतच होती.

एकाच प्रश्नाकडे पाहून केलेला कायदा दुसरा प्रश्न कसा उभा करतो, हेही इथे सांगितले पाहिजे. भारतातील पंजाबने खालावणारे भूजल वाचवण्यासाठी २००९ साली १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास कायद्याने मनाई केली. हेतू रास्त होता. पण लावणी पुढे गेली म्हणून कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करायला दिवस कमी उरले, आणि काड जाळण्याचा काळ थंड व स्थिर हवेच्या दिवसांत सरकला, जेव्हा धूर वर न जाता जमिनीलगत साचतो. पाण्याच्या उपशाची मुळे फुकट विजेत आणि भाताच्या खात्रीच्या खरेदीत होती, आणि त्या गाठींना त्या कायद्याने हात लावला नव्हता.

आता जोखमीकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या सुधारणा इथेच तुटतात. आच्छादन पीक, फेरपालट, कमी नांगरट यांचा लाभ जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढेल तसा हळूहळू दिसतो आणि खर्च मात्र पहिल्या हंगामापासून असतो. त्या मधल्या काळात शेतकऱ्याला सरकारच्या शब्दावर विसंबावे लागते. इंग्लंडने २०२१ पासून हेक्टरी रक्कम सात वर्षांत उतरवून पैसा मातीची, पाण्याची, कुंपणझुडपांची निगा राखणाऱ्यांना द्यायचे ठरवले. हे मला अलीकडचे सर्वांत धाडसी पाऊल वाटले. पण त्यातील मुख्य योजनेचे पैसे संपले म्हणून मार्च २०२५ मध्ये नवे अर्ज अचानक बंद झाले. जुनी रक्कम उतरत असताना नवे दार लागले, तर पुढच्या योजनेवर शेतकऱ्याने विश्वास का ठेवावा? २०२४ च्या सुरुवातीला युरोपच्या राजधान्यांत ट्रॅक्टर उतरले आणि ४ टक्के जमीन पिकाविना ठेवण्याची अट मागे घेतली गेली, त्यामागेही खर्च माझा आणि फायदा सर्वांचा ही भावना होती. ती भावना चुकीची आहे असे मी म्हणणार नाही.

डेन्मार्कने या अडचणीला वेगळ्या रीतीने हात घातला. सरकार, शेतकरी संघटना, उद्योग, कामगार आणि निसर्ग संरक्षण संस्था यांना एका टेबलापाशी बसवून २०२४ मध्ये करार झाला. पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून दर टनामागे ३०० क्रोनर कर लागेल, तो २०३५ पर्यंत ७५० वर जाईल, पण ६० टक्के सूट असल्याने प्रत्यक्ष भार १२० ते ३०० क्रोनर राहील. म्हणजे जो आपले उत्सर्जन खाली आणतो त्याचा भार हलका होतो. त्याबरोबरच अडीच लाख हेक्टरांवर नवे जंगल आणि १ लाख ४० हजार हेक्टर कर्बयुक्त सखल जमीन शेतीतून काढण्यासाठी निधी बाजूला ठेवला आहे. जमीन काढून घ्यायची तर मोबदला आधी, हा क्रम त्यात पाळला आहे.

शेवटी एका नियमाविषयी बोलतो, जो क्वचितच चर्चेत येतो. जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारानुसार पर्यावरण कार्यक्रमाखालील रकमा एकूण खर्चाच्या मर्यादेविना देता येतात, पण एकेका शेतकऱ्याला मिळणारी रक्कम किती असावी यावर बंधन आहे: अट पाळण्यासाठी आलेला जादा खर्च किंवा बुडालेले उत्पन्न, तेवढीच. १९९० च्या दशकात हा नियम पर्यावरणाच्या नावाआड लपलेली मदत रोखण्यासाठी केला होता, आणि ती भीती खरी होती. पण याचा अर्थ असा, की ओढा स्वच्छ ठेवणाऱ्याला या सेवेतून कमाई होऊ नये असे आपण लिहून ठेवले आहे. अमेरिकेत झिजलेली जमीन दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने गवताखाली ठेवण्याचा कार्यक्रम १९८५ पासून चालतो. २००७ मध्ये त्यात सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. इथेनॉलच्या धोरणाने मक्याचे भाव चढले, संसदेने कार्यक्रमाची कमाल मर्यादाही खाली आणली, आणि करार संपतील तशी जमीन पुन्हा नांगराखाली गेली. २०१६ पर्यंत ती सुमारे २ कोटी ४० लाख एकरांवर आली. भाव चढल्यावरही टिकेल अशी रक्कम देण्यासाठी तिचा दर पिकाच्या भावाबरोबर हलला पाहिजे, करार निदान वीस वर्षांचा हवा, आणि व्यापार करारातील ते कलम मोजता येणाऱ्या निष्पत्तीसाठी, उदाहरणार्थ पाण्यातील नायट्रेटची पातळी किंवा ओली ठेवलेली पीट जमीन यांसाठी, खर्चापेक्षा अधिक देण्याची मुभा देईल असे बदलले पाहिजे. या तीन बदलांपैकी पहिले दोन कोणतेही सरकार आजही आपल्या हिमतीवर करू शकते.