आइसलँडला गाडी भाड्याने घेताना विमा कसा वाचावा

नमस्कार, श्रोतेहो.

परदेशात सुट्टीला जायचं आणि तिथे स्वतः गाडी चालवायची, ही हौस आता मराठी घरांत चांगलीच रुजली आहे. टूरच्या बसमागे धावपळ नाही, हवं तिथे थांबता येतं, पोरं कंटाळली तर मुक्काम लवकर करता येतो. हौस उत्तम आहे. मी मोटार विम्याचे दावे तपासण्याचं काम करते, त्यामुळे निघण्याआधी ओळखीची माणसं हमखास विचारतात, "गाडी बुक केलीय, फुल इन्शुरन्स आहे म्हणतात, मग काळजी नाही ना?" या प्रश्नाचं उत्तर आज आइसलँडचं उदाहरण घेऊन देते. तिथे बहुतेक पर्यटक स्वतःच गाडी चालवतात आणि तिथल्या भाडेकरारात जितके बारकावे आहेत तितके इतरत्र क्वचितच सापडतील.

आधी घरचं बघू. आपल्या गाडीची पॉलिसी भारतापुरती असते. जादा हप्ता भरला तर ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारच्या देशांपर्यंत वाढवता येते, त्यापलीकडे नाही. आणि इथे अपघात झाला की आपल्या खिशातून सक्तीने किती जातात? पंधराशे सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. घसारा आणि बाकीची वजावट वेगळी, पण हा सक्तीचा वाटा एवढाच. ही सवय डोक्यात घेऊन आपण केफ्लाविक विमानतळावर उतरतो आणि तिथला करार हातात घेतो. त्यात हाच वाटा काही लाख क्रोनांचा असतो, क्रोना म्हणजे आइसलँडचं चलन. क्रोना रुपयापेक्षा थोडा स्वस्त आहे, तरीही आकडा लाखांतच राहतो.

भाड्यात काय काय आलेलं असतं? तिसऱ्या पक्षाचा विमा तिथेही कायद्याने सक्तीचा आहे, तो आलाच. त्याशिवाय सीडीडब्ल्यू, म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर, बहुधा भाड्यातच धरलेला असतो. लोक त्याला विमा म्हणतात, पण तो भाडे कंपनीने दिलेला शब्द असतो: गाडीचं नुकसान झालं तर ठरलेल्या रकमेपर्यंत तुमच्याकडून घेऊ, त्यावरचं मागणार नाही. त्या ठरलेल्या रकमेला एक्सेस म्हणतात, तिथले लोक सेल्फ रिस्क म्हणतात. हा शब्द करारातल्या अटींवर दिलेला असतो. अट मोडली की शब्द संपला, आणि अख्ख्या गाडीची किंमत तुमच्याकडे मागता येते. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली, दारू पिऊन चालवली, बंदी असलेल्या रस्त्यावर नेली, तर जादा पैसे भरून सुपर सीडीडब्ल्यू, म्हणजे एक्सेस कमी करणारं संरक्षण, घेतलेलं असूनही उपयोग नाही. त्यामुळे नवरा-बायको दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं करारात घाला. जादा पैसे पडले तरी घाला.

आता महत्त्वाचा भाग: काय वगळलंय. माझं ठाम मत आहे की प्रवासाला निघण्याआधी करारातली ही वगळलेल्या गोष्टींची यादी वाचावी. त्या देशात गाड्या नेमक्या कशाने खराब होतात, ते तिच्यात लिहिलेलं असतं. आइसलँडच्या यादीत वारा आहे, वाळू आहे, खडी आहे आणि नदी आहे.

वाऱ्याने दरवाजा मोडतो हे आपल्याकडे कुणाला खरं वाटत नाही. तुम्ही विक गावाजवळ किनाऱ्यावर गाडी थांबवता. वारा मागून येतोय. दरवाजाची कडी उघडता क्षणी तो हातातून सुटतो, बिजागरीच्या शेवटच्या टोकापलीकडे जातो आणि पुढच्या मडगार्डवर आदळतो. बिजागरी वाकते, मडगार्डला पोचा पडतो, दरवाजाची कड चौकटीशी जुळत नाही आणि तो मग बंदच होत नाही. सगळं मिळून एक सेकंद. असं नुकसान बऱ्याच करारांत सरळ वगळलेलं असतं, कारण कंपनीच्या मते दरवाजा धरून ठेवणं चालकाच्या हातात होतं. म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, दरवाजा दोन्ही हातांनी धरून उघडायचा आणि मागे बसलेल्या मुलांना सांगून ठेवायचं की मोठ्या माणसाने उघडल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. तिथल्या हवामान अंदाजात वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये देतात. वीस ऐकलं की किरकोळ वाटतं, पण ते ताशी ७२ किलोमीटर होतात. आकड्याला ३.६ ने गुणायची सवय लावून घ्या.

वाळूचंही तसंच. विक सोडून पूर्वेला निघालं की मिर्दाल्ससांदुर आणि पुढे स्केइदारारसांदुर ही काळ्या वाळूची सपाट मैदानं लागतात. हिमनद्यांखालच्या ज्वालामुखींमुळे आलेल्या पुरांनी ही राख आणि वाळू तिथे आणून टाकली आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये एयाफ्यात्लायोकुत्लची राख उडाली आणि युरोपभरची विमानं बंद पडली, तो ज्वालामुखीही याच दक्षिण भागात आहे. जोराचा वारा सुटला की ही वाळू गाडीच्या अंगावर येते आणि पॉलिश पेपर घासावा तसा एका बाजूचा रंग खरवडून काढते, काचा धुरकट होतात. साध्या सीडीडब्ल्यूमध्ये हे येत नाही. त्यासाठी वाळू-राखेचं वेगळं संरक्षण विकत मिळतं. जुलैत फक्त राजधानी रेक्याविकच्या आसपास फिरणार असाल तर ते सोडून द्या. पण थंडीत किंवा मार्च-एप्रिलमध्ये दक्षिण किनाऱ्याने पूर्वेकडे जाणार असाल तर घ्याच, आणि वादळाचा पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल तर ते घेतलेलं असूनही गाडी मैदानात घालू नका.

खडीचं संरक्षण मी सगळ्यांनाच घ्यायला सांगते. देशाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता साधारण १,३२२ किलोमीटरचा आहे आणि तो जवळजवळ पूर्ण डांबरी आहे. पण तो सोडला की फाट्यावर खडी सुरू होते. समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखालून उडालेला दगड काचेवर आला की वाटाण्याएवढा टवका उडतो, आणि रात्रीच्या थंडीत त्यातून तडा पसरतो. डांबरीवर वेगमर्यादा ९० आहे, खडीवर ८०. खडी लागली की त्याहूनही हळू चालवा.

नदीपुढे मात्र कोणतंही संरक्षण चालत नाही. आतल्या डोंगराळ भागातल्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी एफ हे अक्षर असतं. ते सहसा जूनच्या अखेरीपासून पुढे थोडेच महिने उघडे असतात. तिथे फोर बाय फोर गाडीच न्यायची, असा नियम आहे. साधी छोटी गाडी तिथे नेली की करार मोडलाच. पण फोर बाय फोर असली म्हणून नदी ओलांडायचा परवाना मिळत नाही. याच डोंगराळ भागातल्या लांदमनालौगर या ठिकाणाच्या अलीकडे पाणी आहे. थोर्समोर्क खोऱ्याकडे जाताना क्रॉसाउ नदी लागते, ती बदनामच आहे. हिमनदीचं पाणी सकाळी कमी असतं आणि ऊन चढलं की दुपारी वाढतं, म्हणजे जाताना ओलांडलेली नदी परतताना ओलांडता येईलच असं नाही. इंजिनात पाणी गेल्यावर काय होतं ते २६ जुलै २००५ पाहिलेल्या मुंबईकरांना वेगळं सांगायला नको: पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन जातं. आपल्याकडे त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन मिळतं. तिथे बहुतेक कंपन्या पाण्याने झालेलं नुकसान पूर्णपणे तुमच्यावर टाकतात, गाडी ओढून आणायच्या खर्चासह. अशा ठिकाणी जायचंच असेल तर उंच चाकांच्या बस जातात, त्यांनी जा.

मग घ्यायचं काय? एक्सेस कमी करणारं सुपर सीडीडब्ल्यू आणि खडीचं संरक्षण. आपल्या कमाईत काही लाखांचा दणका सुट्टीनंतर वर्षभर पुरतो, म्हणून इथे काटकसर करू नये असं मला वाटतं. मात्र हे कुणाकडून घेता ते बघा. बुकिंगच्या संकेतस्थळावर दिसणारं स्वस्त "फुल प्रोटेक्शन" बहुधा भरपाईचं असतं. म्हणजे नुकसान झालं की आधी तुम्ही भाडे कंपनीला पैसे भरायचे, मग कागद पाठवून त्या दुसऱ्या कंपनीकडून परत मागायचे. काउंटरवरचा माणूस ते मानत नाही आणि तुमच्या क्रेडिट कार्डावर पूर्ण एक्सेसची रक्कम अडकवून ठेवतो. ते घ्यायला हरकत नाही, पण कार्डाची मर्यादा तेवढी हवी, कार्ड चालकाच्याच नावावर हवं, आणि त्या पॉलिसीत भारतातला रहिवासी चालतो की नाही हे आधी वाचलेलं हवं. आपला प्रवास विमा औषधोपचार आणि सामानापुरता असतो. त्यातलं वैयक्तिक जबाबदारीचं कलम सहसा मोटार अपघात वगळतं. काही योजनांत भाड्याच्या गाडीच्या एक्सेसची भरपाई असते, ती ओळ पॉलिसीच्या कागदात सापडली तरच खरी.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. तिथे खरी भीती दुसऱ्याला झालेल्या इजेची असते. कॅलिफोर्नियात या जबाबदारीच्या विम्याची कायद्याने मागितलेली किमान रक्कम १ जानेवारी २०२५ पासून एका जखमी माणसामागे ३० हजार डॉलर झाली, आधी ती १५ हजार होती. तिथल्या रुग्णालयांच्या बिलांपुढे ही रक्कम फार थोडी आहे. म्हणून तिथे गाडीच्या पोच्याआधी जबाबदारीचं जादा संरक्षण विचारा. मुलाच्या कार्डावर सीडीडब्ल्यू फुकट मिळतो म्हणतात, तो बहुधा कार्डधारकाने स्वतः करार केला असेल तरच लागू होतो, आणि काही कार्डं आयर्लंड किंवा इस्रायलसारखे देश वगळतात.

निघण्याआधी आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्षाची. सोबत मूळ परवाना हवाच. परवान्यात खोट निघाली की विम्यात निघते. गाडी ताब्यात घेताना सावकाश चालत चारी बाजूंनी व्हिडिओ काढा: चारही चाकांच्या रिम, समोरची काच, छप्पर, बंपरची खालची कड, किलोमीटर आणि इंधनाचा काटा. आधीचा ओरखडा दिसला तर तो त्यांच्या कागदावर लिहवून घ्या. पाऊस असो, अंधार असो, विमानातून थकून उतरलेला असा, हे काम सोडू नका. गाडी परत करतानाही तसाच व्हिडिओ काढा.

अपघात झालाच तर ११२ ला फोन करा, जागेवरचे फोटो घ्या, भाडे कंपनीला त्याच दिवशी कळवा. युरोपभर एका ठरलेल्या नमुन्याचा अपघात फॉर्म चालतो आणि सगळ्या भाषांत रकान्यांचे क्रमांक तेच असतात. समोरच्याची भाषा येत नसली तरी तो भरता येतो. मात्र समजल्याशिवाय सही करू नका.

आणि घरी परतल्यावर महिना-दोन महिन्यांनी कार्डावर अचानक रक्कम वजा झाली तर घाबरून गप्प बसू नका. कंपनीला लेखी विचारा: नुकसानीचे तारखेसह फोटो, दुरुस्तीचं बिल, करारातलं कलम. तुमचे दोन्ही वेळचे व्हिडिओ पाठवा. उत्तर समाधानकारक नसेल तर बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल हरकत नोंदवा. त्याला मुदत असते, म्हणून पत्रव्यवहार चालू असतानाच बँकेला कळवून ठेवा. दंडाची पावती असेल, वेगमर्यादा मोडल्याची किंवा बोगद्याचा टोल न भरल्याची, तर ती खरी आहे का एवढं तपासा आणि भरून टाका.

नमस्कार.