पाना चालवणारी वैमानिक

श्रोतेहो, नमस्कार. बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयातलं डी हॅविलँडचं व्हॅम्पायर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्याच कंपनीचं जुनं जिप्सी मॉथ घेऊन एमी जॉन्सन 5 मे 1930 रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. वय 26, अनुभव जेमतेम 85 तासांचा. विमानाचं नाव 'जेसन'. उघडं कॉकपिट, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले पंख आणि 100 अश्वशक्तीचं इंजिन.

तिच्या धाडसाचं कौतुक सगळेच करतात. मला मोठा वाटतो तो तिचा दुसरा परवाना, ग्राउंड इंजिनिअरचा, म्हणजे विमानाची देखभाल-दुरुस्ती करण्याचा. तो मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली स्त्री. जादा टाकीतलं पेट्रोल तिला उडता उडता हातपंपाने वरच्या पंखातल्या टाकीत चढवावं लागे. तिथून ते आपल्याच वजनाने इंजिनात उतरे. मुक्कामी पोहोचल्यावर झोपेआधी इंजिनची निगा.

कराची तिने सहा दिवसांत गाठली, याच प्रवासाचा विक्रम ज्याच्या नावावर होता, त्या वैमानिक बर्ट हिंकलरपेक्षा दोन दिवस लवकर. पुढे अलाहाबादच्या वाटेवर वारा समोरून आला. ताशी 135 किलोमीटरच्या विमानाला 30 किलोमीटरचा वारा समोरून लागला, की त्याच अंतराला सव्वापटीहून जास्त वेळ आणि तेवढंच जास्त पेट्रोल. ते संपत आलं, म्हणून तिने झाशीच्या परेड मैदानावर विमान उतरवलं.

खरी परीक्षा रंगूनला झाली. पावसात घोड्यांच्या शर्यतीचं मैदान समजून ती इनसीनच्या तंत्रशाळेच्या मैदानात उतरली आणि विमान चरात गेलं. प्रोपेलर मोडला, चाकांचा सांगाडा वाकला, पंख फाटला. जादा प्रोपेलर तिने विमानालाच बांधून आणला होता. पंखाला ठिगळं लावली ती महायुद्धातल्या उरलेल्या विमान-कापडाच्या शर्टांची! अशा कापडावर डोप नावाचं रोगण देतात. ते वाळताना आकसतं आणि कापड आपल्या घुमट वाद्याच्या कातड्यासारखं ताठ बसतं. पण हवा दमट असली, की डोप पांढरं पडतं आणि पकड सैल होते. लाकडी प्रोपेलरही दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, म्हणून त्याचे बोल्ट पुन्हा पुन्हा आवळून पाहावे लागतात.

24 मे रोजी ती डार्विनला उतरली. हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम चार दिवसांनी हुकला होता. जेसन आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. कधी गेलात, तर त्याचे पंख निरखून पाहा.