हेडस्टॉकवरच्या नावावर जाऊ नका: सेकंड हँड जॅझ बास कसा ओळखायचा

नमस्कार मंडळी. माझ्या हातातला हा बास गिटार नीट बघा. हेडस्टॉकवर, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकावर, फेंडर या अमेरिकन कंपनीचं नाव लिहिलंय, त्याखाली मॉडेलचं, जॅझ बास. एका मित्रानं आणून दिलाय, 'घेऊ का?' विचारायला. विकणारा सांगतोय, ऐंशीच्या दशकातला अमेरिकन आहे, सीरियल नंबर ई अक्षरानं सुरू होतो म्हणून. किंमतही त्याच हिशोबानं लावलीय.

मी स्वतः एकदा असा फसलोय. नाव बघितलं, आवाज आवडला, पैसे मोजले. घरी आणून नेक, म्हणजे तारांखालची लांब मान, काढली तर बॉडीतल्या तिच्या खाचेत प्लायवूडचे थर, म्हणजे स्वस्त नक्कल! महिनाभर त्या बासला हात लावावासा वाटला नाही. तेव्हापासून एक ठरवलंय: हेडस्टॉकवरचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. तो एक स्टिकर असतो, कुणीही छापून लावतं.

आता ई चं बघू. फेंडरच्या अमेरिकन बासवर ई म्हणजे ऐंशीचं दशक, हे खरं आहे. सत्तरच्या दशकाला एस, नव्वदच्या दशकाला एन. पण जपानमध्ये बनलेल्या फेंडरवरही 1984 ते 1987 या काळात ई आणि पुढे सहा आकडे, असा नंबर यायचा. म्हणून आधी देश ओळखायचा, मग नंबर वाचायचा.

कॅमेरा जवळ आणतो. अमेरिकन बासवर ई चा नंबर हेडस्टॉकवर असतो. इथं हेडस्टॉक रिकामा आहे. नंबर आहे नेकच्या मागे, नेक बॉडीला मिळतो तिथं. जपानी बासवर त्या काळात तो इथंच असायचा, आणि त्याच्या जोडीला मेड इन जपान. ते कुठंय? नंबरच्या शेजारी बोट फिरवतो. इथं गुळगुळीत लागतं, आणि इथं, बघा, अंगठ्याएवढ्या जागेत खरखर लागते. लॅकर, म्हणजे वरचं पॉलिश, घासलंय. कुणीतरी देशाचं नाव पुसलंय. राग येतो अशा वेळी.

एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, म्हणून उघडू या. तारा पूर्ण ढिल्या केल्या आहेत. कंट्रोल प्लेटचे, म्हणजे नॉब असतात त्या पट्टीचे, स्क्रू काढले, प्लेट उलटी केली. हे पॉट, नॉबखालचे आवाज कमी-जास्त करणारे भाग. अमेरिकन पॉटवर बहुधा कोड असतो. समजा 1376633 आहे: 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 66 म्हणजे 1966 साल, 33 म्हणजे तेहतिसावा आठवडा. ही पॉटची तारीख, बासची नव्हे. फेंडरनं 1966 मध्ये पॉटचा इतका मोठा साठा घेतला होता की पुढची दोन-तीन वर्षं तेच वापरले गेले. पॉट मूळचे असतील तर बास त्यांच्यापेक्षा जुना नसतो, एवढंच त्यावरून म्हणता येतं. इथं तसा कोडच नाही. आणि पॉटचा दांडा मोजला: 6 मिलिमीटर. अमेरिकन दांडा पाव इंची, म्हणजे 6.35. अमेरिकन नॉब यावर बसवून बघतो... सैल होऊन डुगडुगतोय.

आता नेक. चार स्क्रू, हळूच. खाचेत प्लायवूड नाही, एकसंध लाकूड आहे. जोड घट्ट, कडेनं कागदही जाणार नाही. काम उत्तम आहे.

तर हा अमेरिकन नाही. पण नकलीही नाही! सत्तरच्या दशकात जपानी कारखाने फेंडरच्या इतक्या चांगल्या नकला काढायला लागले की 1982 मध्ये फेंडरनं कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या कंपन्यांना सोबत घेऊन फेंडर जपान सुरू केली. बास बनवायचं काम गेलं मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याकडे. तिथल्या कारागिरीवर माझा जीव आहे. हे बास लोक शोधून शोधून घेतात. म्हणूनच मेड इन जपान पुसणाऱ्यानं बासचाही अपमान केलाय, असं मला मनापासून वाटतं.

विकणारा नेक काढू देत नसेल, तर त्याच्याच हातानं कंट्रोल प्लेट उघडून पॉटचे फोटो मागा. तेही नाही म्हणाला तर उठून या.

मित्राला सांगितलंय: जपानी जॅझ बासचा भाव दे, घासलेल्या जागेचे काही पैसे कमी कर, आणि घे.

आता नेक परत बसवतो. स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात टक्क करून बसला की मग सुलटा. नाहीतर लाकडात नवे आटे पडतात आणि पकड कायमची जाते. ऐका... टक्क. आता पिळतो.